चित्रे : सत्यभामा चितारी

“आणि चित्रकाराचं नाव काय द्यायचं?” दांडेकरबाईंनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

“वैजयंती रत्नाकर तेंडोलकर,” हे खुर्चीतून म्हणाले आणि त्याच वेळी मी म्हटलं, “सत्यभामा चितारी.”

बाई एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत राहिल्या. ह्यांनी पेपर खाली केला आणि अगदी साध्या कुतूहलानं विचारलं, “सत्यभामा? ही कोण?”

घ्या! वीस-एक वर्षं ज्या माणसाला गरम पोळ्या वाढल्या, तो विचारतोय ही कोण. मुद्दाम छळायला विचारलं असतं तरी परवडलं असतं. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की टेबलावर पसरलेली पाखरांची सगळी चित्रं गोळा करून बंबात घालावीत असं वाटलं.

“मी,” मी म्हटलं. “सत्यभामा म्हणजे मी. लग्नाआधीची.”

“अरे, हो की,” हे म्हणाले. “पण ते नाव आता कुठाय?”

ऋजू, आमची मुलगी, टेबलाच्या टोकाला बसली होती. ती टेबलावरच्या प्लास्टिकच्या कपड्याचा कोपरा नखानं सोलत राहिली.

ही गोष्ट आता नऊ-दहा वर्षांपूर्वीची. त्या सुमाराला मोठ्या माणसांनी रंगवायच्या पुस्तकांचं खूळ आलं होतं. ऋजू पुण्याला ज्या प्रकाशनात कामाला होती, त्यांनीही असली पुस्तकं काढायला घेतली. दांडेकरबाई तिथल्या संपादक. पानभर नुसत्या रेघा, रंग भरायचा तो पुस्तक विकत घेणाऱ्यानं. म्हणे त्यानं डोकं शांत होतं. मी म्हटलं, मोठ्या माणसांना घरात कामं नाहीत काय? पण मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चित्रं काढत बसायची ते ऋजूनं लहानपणापासून पाहिलेलं. तिनं मला न सांगता त्यांतल्या काहींचे फोटो बाईंना दाखवले आणि काम घरी चालून आलं. विषय ठरला परदेशातल्या उष्ण रानांमधले पक्षी. मकाव, टुकान, अंगठ्याएवढे हमिंगबर्ड, शेपटीचे झुपके मिरवणारे स्वर्गपक्षी. असल्या पुस्तकाला इंग्रजीत अडल्ट कलरिंग बुक म्हणतात, एवढं ह्यांच्या कानावर पडलं आणि ह्यांना तेवढंच पुरलं. “आमची बायको अडल्ट पुस्तक काढतेय,” असं शेजारच्या मगदूमकाकूंना सांगून त्यांनी त्या बिचारीचं आमच्याकडे येणं काही दिवस बंद केलं होतं.

त्यातला एकही पक्षी मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ऋजूनं आणलेले फोटो आणि मोठमोठी पुस्तकं, त्यांवरून शिकायचं. पण हात होता. माझे बाबा सावंतवाडीच्या चितारआळीतले. लाकडी फळं, राघू, गंजिफाचे गोल पत्ते, सगळं त्यांच्या हातचं. आम्ही मुलींनी नुसता रंग भरायचा, रेघ बाबांची. मी हट्टानं, चोरून रेघ शिकले. ह्या पुस्तकात सगळंच उलटं होतं. रेघ माझी आणि रंग परक्याचा. रेघ मध्येच कुठे तुटता कामा नये, तुटली की रंगवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं बाईंनी बजावलं होतं. वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पाखरं होती आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. “ही चोच आहे का केळं?” हे टुकानकडे बघून विचारायचे. विचारू देत. मला येणारी गोष्ट माझ्याकडे कुणी मागितली, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

आता ते वैजयंती प्रकरण सांगायलाच हवं.

ह्यांची पहिली बायको काविळीनं गेली तेव्हा ऋजू चार वर्षांची होती. वर्ष व्हायच्या आत माझं लग्न झालं. मुलगा सरकारी नोकरीत, मूळचे आमच्याच बाजूचे, आता सांगलीत स्थायिक. माझ्या पाठीवर दोन बहिणी. बाबांनी फार विचार केला नाही. हॉलवरच लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि बायका माना वाकवून बघायला लागल्या. नवं नाव तेव्हा सगळ्यांचंच ठेवायचे, मी मनातल्या मनात तयारी करून बसले होते. मृणालिनी असेल, मीनाक्षी असेल. ह्यांनी तांदळात लिहिलं, वैजयंती.

बाबा शेजारीच उभे होते. पहिल्या बाईचं नाव त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, सवयीनं हात वळला असेल. ते हळूच म्हणाले, “जावईबापू, नाव चुकलां हां.”

“चुकलेलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “घरात त्याच नावाची सवय आहे सगळ्यांना. रेशनकार्ड त्या नावाचं, गॅस त्या नावाचा. आणि सत्यभामा तर नकोच बाई. भांडखोर नाव.”

बायका हसल्या. मीही हसले. बाबा हसले नाहीत. पाणी प्यायचं निमित्त करून ते बाहेर गेले.

तेव्हापासून मी वैजयंती. पहिलीचा फोटो ट्रंकेत गेला. तिच्या श्राद्धाला ऋजूला जयसिंगपूरला मामाकडे पाठवून द्यायचे, पोरीला नव्या आईची सवय होऊ दे म्हणायचे. सवय झालीही. मला आई म्हणायला लागली, माझ्या कुशीत झोपायला लागली. मोठी झाल्यावर सगळं तिला कळलंच कुणाकडून तरी, पण त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. पुढे आम्ही सांगलीतच विश्रामबागला कॉलनीत घर बांधलं. तिथे ह्यांची पहिली बायको होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलनीला वैजयंती एकच, ती मी.

दांडेकरबाई शहाण्या. “कागदोपत्री काही असू दे, कव्हरवर तुम्ही म्हणाल तेच येईल. आपसांत बोला आणि कळवा,” असं म्हणून पाखरांचा गठ्ठा घेऊन त्या पुण्याला गेल्या. ऋजू मागे राहिली. फाटक वाजलं तसं तिनं तोंड उघडलं.

“आई, तुला खरंच ते नाव नको?”

“माझं नाही ते.”

“इतकी वर्षं लावतेस की.”

“मला लावलंय. मी लावलेलं नाही.”

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पाठ माझ्याकडे. “मी बाईंना तुझी चित्रं का दाखवली? चांगली होती म्हणून दाखवली, खोटं नाही सांगत. पण मनात हेही होतं, कव्हरवर वैजयंती तेंडोलकर असं छापून येईल. दुकानात गेले की दिसेल. माझ्याकडे तिचं दुसरं आहे काय? साड्यासुद्धा आजीनं वाटून टाकल्या.”

ह्या पोरीनं स्वतःहून तिचं नाव काढलं, असं पहिल्यांदाच होत होतं. जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच दमात भयंकर रागही आला.

“म्हणजे वर्षभर डोळे फोडून मी काढलं, ते तिच्या नावासाठी?”

“नाव दोघींचं आहे ना.”

“दोघींचं कसलं? तिचं ते तिचं. मला मिळालंय ते उष्टं.”

ती वळली. तेवढ्यात हे आतून आले. “अगं, एवढं काय त्यात? दोन्ही टाका. एक कंसात टाका.”

“कुणाला कंसात टाकू?” मी विचारलं.

ह्यांनी चपला घातल्या आणि फिरायला निघून गेले. घरात पेच पडला की ह्यांना व्यायाम आठवतो.

पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. खरं सांगते, मी दोनदा माघार घ्यायला निघाले. भाजी चिरता चिरता उठले, तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, घाल बाई तुझ्या मनासारखं म्हणायला. पण तशीच परत फिरले. बाबा गेले होते, माझी आई त्यांच्याही आधी गेलेली. बहिणीसुद्धा सासरच्यांदेखत मला वैजूताई म्हणायच्या. भामी म्हणून हाक मारणारं माणूसच उरलं नव्हतं. ह्या पुस्तकावर नाव आलं नसतं, तर सत्यभामा चितारी नावाची कुणी होती, हे कुणाच्या गावीही राहिलं नसतं. पोरीसाठी मी काय केलं नाही? दुसरं मूलसुद्धा होऊ दिलं नाही. पण हे मला हवं होतं. हवं म्हणजे हवं होतं.

निघायच्या दिवशी बॅग खांद्याला लावून ऋजू स्वयंपाकघराच्या दारात आली. “सत्यभामा चितारी टाकायला सांगते,” ती म्हणाली. “पण आत एका पानावर मी आईचं नाव घालणार आहे. तुला विचारत नाहीये, सांगतेय.”

“घाल,” मी म्हटलं.

तिच्यासाठी भरून ठेवलेला डबा ओट्यावरच राहिला. नंतर फोन यायचे, पण कामापुरते. बरी आहेस ना, टुकानची शेपूट थोडी मोठी छापू का, ठेवते. मी फोन ठेवून रडायची आणि नाव मात्र बदल म्हणायची नाही.

पुस्तक झालं तेव्हा ती स्वतः प्रती घेऊन आली, रविवारी सकाळीच. कव्हरवर माझी मकावांची जोडी, पंख पसरलेली, आणि खाली बारीक पण स्वच्छ अक्षरांत ‘चित्रे : सत्यभामा चितारी’. मी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. बाबांना दाखवायला हवं होतं, एवढंच मनात आलं आणि डोळे भरले.

मग मी पान उलटलं. कोऱ्या पानाच्या मधोमध लिहिलं होतं, ‘कै. सौ. वैजयंती रत्नाकर तेंडोलकर यांच्या स्मृतीस’.

सर्रकन काटा आला अंगावर. कुणाचंही असो, ज्या नावानं रोज दूधवाला हाक मारतो त्याच्यामागे कै. लागलेलं बघायचं म्हणजे काय! ऋजू माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चालेल ना?” तिनं विचारलं.

“छापून झाल्यावर विचारतेस? बरं झालं, एकाच पुस्तकात जन्म आणि मरण दोन्ही उरकलंस माझं.”

ती हसली नाही. हे मात्र खुशीत होते. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, मोबाईल काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला फोटो घेतला. कव्हरचा नाही बरं का. कव्हरवर ह्यांचं नाव कुठे होतं? ह्यांनी त्या आतल्या पानाचा घेतला, कारण तिथे रत्नाकर होतं, तेंडोलकर होतं. चष्मा तर नेहमीप्रमाणे टीव्हीवर. ती सुरुवातीची दोन अक्षरं आणि शेवटचं ‘स्मृतीस’ ह्यांना दिसलंच नाही. लिहायचा कंटाळा, म्हणून फोटोखाली नुसते जोडलेले दोन हात टाकले आणि आंघोळीला गेले.

पोहे परतत होते तोवर दार धडधडायला लागलं. उघडलं तर मगदूमकाकू. पदर तोंडाला, डोळे लाल. “अहो भाऊजी, असं कसं झालं हो, परवा तर बोलली माझ्याशी,” असं रडत रडत त्या आत शिरल्या, मान वर केली आणि किंचाळल्या. “अगं बया! तू हाईस की गं!”

“मग कुठे जाऊ?” मी म्हटलं.

त्यांनी मला दंडाला धरून चाचपून बघितलं, मग ग्रुप दाखवला. भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती. वहिनींच्या आत्म्यास सद्गती लाभो. खालीखाली बघत जावं तर संपेचना. सगळी समजूत घालून काकूंना परत पाठवते तोच घरातला लँडलाइनचा फोन वाजला, ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा. हे टॉवेलवर उभे राहून सांगत होते, “नाही साहेब, ही आहे. ती गेली. हो, तेच नाव… नाही, आत्ता नाही, तेव्हाच गेली… अहो, ही दुसरी आहे… नाही नाही, आज नाही केली दुसरी!” मला हसू आवरेना. भिंतीला टेकून मी खो खो हसले, पोट दुखेपर्यंत हसले.

आणि हसता हसता ऋजूकडे बघितलं. ती दिवाणावर ह्यांचा मोबाईल घेऊन बसली होती. एकेक संदेश बोटानं वर सरकवत वाचत होती आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं.

“अगं वेडे,” मी तिच्याजवळ गेले, “मी आहे ना! ह्यांचा घोळ आहे सगळा.”

“तुझं नाही गं,” ती म्हणाली. “हे तिला आलंय. एवढी माणसं. बघ ना, इथे लिहिलंय, ऋजू बाळा, आई गेली, स्वतःला सावर.” तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. “असं मला कुणी म्हणालंच नाही कधी.”

“कसं म्हणणार, तू केवढीशी होतीस.”

“मला सांगितलंच नाही कुणी. ती दवाखान्यात होती आणि मी मामाकडे. मग मला इकडे आणलं. तू स्वयंपाकघरात होतीस. आजी म्हणाली, बघ, आई बरी होऊन आली. मी म्हटलं, ही आई नाही. आजी म्हणाली, खोटं वाटतंय तर जा, तिलाच नाव विचार. मी आले आणि तुला विचारलं.”

मला आठवलं. दारात उभी असलेली एवढीशी पोर, तोंडात फ्रॉकचं टोक. तुझं नाव काय, म्हणाली. मला वाटलं, ओळख करून घेतेय. मी नवी नवरी, सासूबाई बघतायत, चुकू नये म्हणून नीट, ठासून सांगितलं होतं.

“तू म्हणालीस, वैजयंती,” ऋजू म्हणाली. “मग मी गप्प बसले. मला वाटलं, आई कशी दिसते ते मीच विसरले.”

इतकी वर्षं मी उराशी धरून बसले होते की ह्या लोकांनी माझं नाव पुसलं. आणि ह्या लेकराची अख्खी आई पुसली होती, ती पुसायला माझंच तोंड वापरलं होतं. सासूबाई त्या वेळी जिवंत असत्या तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पोरीच्या आईला त्यांनी धड मरूसुद्धा दिलं नव्हतं.

हे मधल्या दारात उभे होते. “आई तिला असं बोलली होती, हे मला…” एवढंच म्हणाले. आम्ही दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बेल वाजली. खिडकीतून दिसलं, शिरगुप्पे सर होते. कॉलनीतले सगळ्यांत वयस्कर, कुणाकडे गमी झाली की सगळ्यांच्या आधी पोचणारे. पांढरा सदरा, हातात शेवंतीचा हार.

“मी सांगतो त्यांना, गैरसमज झालाय म्हणून,” हे पुढे झाले.

“तुम्ही बसा,” मी म्हटलं आणि दार उघडलं.

सर माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरकले. “वहिनी? मग ते ग्रुपवर…”

“बरोबर वाचलंत सर,” मी म्हटलं. “वैजयंती गेली. मी सत्यभामा. तिची मुलगी आत बसलीय, तिला भेटा.”

त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. पण जुना माणूस, उलट प्रश्न विचारला नाही. चपला काढल्या, हार दाराशेजारच्या स्टुलावर ठेवला, आत जाऊन ऋजूच्या शेजारी बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आई गेली होय, बाळ?”

“हो,” ऋजू म्हणाली. “गेली.”

आणि रडली. मोठ्या बाईसारखी नाही, लहान पोर आकांत करतं तशी. सर पाठीवरून हात फिरवत राहिले. मी पलीकडे बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ ती तशीच होती.

हे माझ्या कानाशी वाकले. “सरांना चहा टाकतेस थोडा?”

“नको,” मी म्हटलं. “भेटायला आलेल्यांना चहा विचारत नाहीत.”